शिवणीतली माया

मुलगा अडीच महिन्यांचा होता आणि मावसबहिणीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. कराडला, माहेरच्या कपाटासमोर उभं राहून मी इरकलीवरचा ब्लाउज अंगात चढवला. बाह्या गेल्या, पाठही गेली, पण हुकं नुसती एकमेकांकडे बघत राहिली. मधलं अंतर चांगलं चार बोटं. आईने मागून ओढून पाहिलं, पुढून दाबून पाहिलं आणि म्हणाली, "शिंप्याकडे दे. माया असेल त्यात."

ज्यांचे सगळे कपडे तयारच येतात त्यांच्यासाठी सांगते. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी 'माया' म्हणतात. वरून ती दिसत नाही. अंग वाढलं की एक टीप उसवायची, कपडा तेवढा मोठा होतो.

शिंपीकाकांनी ब्लाउज उलटा केला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "दोन्हीकडं इंच-इंच हाय. एक टीप उसवली की बसतंय. दूध पाजताय न्हवं? मग दुसरीपण उसवतो. मांडवात आवळायला नको." माझ्या शरीराबद्दल अडीच महिन्यांत इतकं मुद्देसूद बोललेला तो पहिलाच माणूस.

बाकी सगळ्यांची बोलणी दोन टोकांना बांधलेली होती. एकीकडे "खा गं, दूध कुठून यायचं?" आणि दुसरीकडे "अंग फारच सुटलंय हो हिचं." पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून, एकाच दुपारी यायची. पाचवीला आलेल्या एका काकूंनी तर ताटात तूप वाढता वाढता माझ्या दंडाकडे पाहून "आता जरा लक्ष दे" असं सांगितलं होतं. लक्ष द्यायचं ते तुपाकडे की दंडाकडे, हे मला अजून उलगडलेलं नाही. बाळाच्या गुबगुबीतपणाला मराठीत 'बाळसं' असा लाडका शब्द आहे. तेच आईला झालं की तिचं अंग 'सुटतं', जणू गाठ सुटावी किंवा शिस्त सुटावी.

माझं वजन गरोदरपणाआधी ५६ होतं, शेवटच्या महिन्यात ७०. माझा बाळबोध समज असा होता की बाळ बाहेर आलं की हिशेब मिटला. दवाखान्यातून घरी येऊन काट्यावर उभी राहिले तर ६४. तीन किलोचं बाळ, वार, गर्भजल, सगळं जाऊनही आठ किलो माझ्याकडेच. त्यातला काही भाग गर्भाशयाचा आणि अंगातल्या पाण्याचा. बाळंतपणानंतर किलोभर असलेलं गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येतं. अंगावर पाजायला घेतलं की पोटात जी कळ येते ती त्याच कामाची. उरलेल्यापैकी तीनेक किलो चरबी शरीराने मुद्दाम जमवलेली असते, मांड्यांवर आणि कमरेवर, पुढच्या महिन्यांच्या दुधाच्या तरतुदीसाठी. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी त्या मांड्यांकडे केवळ वैतागून बघत होते. आणि सवा महिना संपला तेव्हा काटा ६४ वरून खाली येण्याऐवजी ६६ वर गेला होता.

तो कसा गेला ते सांगायचं तर आईच्या स्वयंपाकघरात जावं लागेल. सकाळी डिंकाचा लाडू. अकराला अळिवाची खीर. दुपारी बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, शेपूची भाजी, लसूण-खोबऱ्याची चटणी, वर बाळंतशेपा. चारला मेथीचा लाडू. रात्री पुन्हा डिंकाचा. एका रात्री अडीचला पाजून झाल्यावर झोप येईना, म्हणून मी ओट्यावरच्या काट्यावर लाडू तोलला. ४८ ग्रॅम. तुपात फुललेला डिंक, खारीक, खोबरं, बदाम, गूळ, मिळून दोनशेच्या वर कॅलरी नक्की. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेले आकडे सांगतात की पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात आणि पुढचे सहा महिने ५२०. बाळ दिवसाकाठी पाऊण लिटरच्या आसपास दूध ओढतं, त्याची ही किंमत. म्हणजे माझ्या तीन लाडवांतच सगळा जादा हिशेब फिटत होता. खीर, लोणी आणि भाकरीचा दुसरा चतकोर हे सगळं शिलकीत.

तो लाडू मी तोलून झाल्यावर खाल्ला, हेही लिहायला हवं.

मला लाडवाशी भांडायचं नाही. अळिवात लोह आहे, खोबऱ्या-बदामात बळ आहे, आणि सिझर होऊन आलेल्या, रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईला कुणीतरी आयतं आणून भरवतंय यासारखं सुख नाही. पण हा खुराक ज्या बाईसाठी ठरला होता ती सवा महिन्याने जात्यावर बसायची, आडाचं पाणी शेंदायची, शेतावर जायची. आम्ही लाडू ठेवला आणि जातं काढून टाकलं. हा सिद्धांत मला इतका आवडला होता की मी तो मालिशवाल्या मावशींना ऐकवला.

मावशी रोज नऊला यायच्या. आधी बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायच्या, मग माझे पाय, पाठ, खांदे चोळायच्या. टाक्यांमुळे पोटाला हात लावायची डॉक्टरांनी मनाई केली होती, त्याचा त्यांना फार राग होता. माझं जात्याचं भाषण त्यांनी तेल गरम करता करता ऐकून घेतलं.

"तिसऱ्याच्या येळंला तेराव्या दिशी भांगलायला गेले मी," त्या म्हणाल्या. "पोरगं बांधाला झोळीत. लाडू कुठला? सासूनं दोन दिस अळीव घातला व्हता, त्येच लई. पोट म्हनाल तर माज्या पाठीला चिकटल्यालं. पर कंबर जी गेली ती गेलीच." मग माझी पोटरी पकडून, "तुमचं पोट वाडलंय ते समद्यास्नी दिसतंय. माजं कंबरडं गेलं, ते कुनाला दिसलं?"

तेल माझ्या घोट्यावरून खाली ओघळत होतं. जुन्या बायका कशा सडपातळ असायच्या हे वाक्य मी त्यानंतर कुठे उच्चारलेलं नाही.

तिसरा महिना सरता सरता संध्याकाळी बाळाला आईपाशी ठेवून मी प्रीतिसंगमावर जाऊ लागले. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भिडतात. दुसऱ्या नद्यांसारख्या कडेकडेने येऊन मिसळत नाहीत. पहिल्या दिवशी घाटापर्यंत जाऊन पायरीवर बसले आणि दहा मिनिटांत परत फिरले, कारण छाती भरून आली होती. भावनेने नव्हे, दुधाने. पाजण्याची वेळ झाली की पान्हा कुणाला विचारत नाही. शेजारच्या बाकावर कुणाचं तरी तान्हं रडलं आणि माझा कुडता भिजला. दुसऱ्या दिवसापासून शहाणपण आलं. आधी पाजायचं, मग निघायचं, आतून दोन थर घट्ट घालायचे आणि वर ओढणी. व्यायामाच्या कपड्यांबद्दल इतकं लिहिलं-बोललं जातं, पण ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

पुण्याला परतल्यावर मात्र मी मूर्खपणा केला. बाळ चार महिन्यांचं, रजा संपायला दोन महिने, आणि फोनवर एक तरतरीत बाई पंधरा दिवसांत पाच किलो उतरवून दाखवत होती. मी रात्रीचं जेवण बंद केलं, भात-पोळी बंद केली. दुधीचं सूप आणि काकडी. आठव्या दिवशी अंघोळीहून येताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दाराची चौकट धरून खाली बसले. बाळ किरकिर करायला लागलं. कंगव्यात केसांची पेंडी येत होती. दूध आटलं, केस गेले, सगळं माझ्यामुळे, असं मनाने घेतलं.

डॉक्टरबाईंनी शांतपणे एकेक गोष्ट सोडवली. केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेकींचे गळतात, गरोदरपणात न गळलेले सगळे एकदम गळतात इतकंच, सुपाचा त्यात हात नाही. दूध आटलंय की नाही ते बाळाच्या ओल्या दुपट्यांवरून आणि वजनावरून कळतं, किरकिरीवरून नाही. बाळाला तोललं, चांगलं वाढलं होतं. "दूध सहजासहजी आटत नाही," त्या म्हणाल्या. "शरीर आधी तुमचं काढून त्याला देतं. झीज तुमची होते. दिवसाला अठराशे कॅलरींच्या खाली जाऊ नका. आठवड्याला अर्धा किलो गेलं तर उत्तम, नाही गेलं तरी घाई नाही."

बाळाच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत त्यांनी वजनाचा ठिपका दिला. एकापुढे एक ठिपके, छान वर चढत जाणारी रेघ. माझी फाईल शेजारीच पडली होती. तिच्यातला वजनाचा रकाना बाळंतपणाच्या तारखेपाशी संपलेला.

मग त्यांनी एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मला वाटलं होतं, आता उड्या मारायला लावतील. तिने मला उताणं झोपवलं, गुडघे मुडपायला लावले आणि फक्त मान उचला म्हणाली. बेंबीच्या वर दोन बोटं ठेवली, मग तिसरं अर्धं. "अडीच बोटं," ती म्हणाली, ब्लाउजचं माप सांगावं तशी. पोटावर दोन उभे स्नायू असतात आणि मधोमध त्यांना जोडणारी एक पातळ उभी शिवण. पोट वाढतं तशी ती ताणून रुंद होते आणि नंतर हळूहळू जवळ येते. ही शिवण अजून सैल असताना उताणं पडून उठून बसायचे पोटाचे व्यायाम केले तर पोट आत जायचं सोडून मधून फुगून येतं. मी घरी गुपचूप तेच करत होते, दिवसाला तीस.

तिने दिलेला व्यायाम बघून नवऱ्याला वाटलं मी झोपले आहे. श्वास सोडताना बेंबी पाठीकडे ओढायची. दहा वेळा. आणि लघवी रोखून धरावी तसे खालचे स्नायू आवळायचे, पाच मोजायचे, सोडायचे. आर्नल्ड केगल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला केगल म्हणतात. आपल्याकडे बायका याविषयी बोलत नाहीत, पण शिंक आली की पाय आवळून उभ्या राहणाऱ्या कितीतरी जणी मला त्यानंतर ओळखू यायला लागल्या. लग्नाच्या पंगतीत हसू आवरणारी मामी, बसस्टॉपवर खोकला आला की पिशवी पुढे घेणारी शेजारीण. माझीही तीच गत होती. सिझर झालंय म्हणजे या त्रासातून सुटका, हा गैरसमज होता. नऊ महिन्यांचं ओझं खालच्या स्नायूंनी पेललेलंच असतं. चार भिंतींत, जमिनीवर पडून, कुणालाही न दिसणाऱ्या त्या व्यायामाने दोन महिन्यांत मला शिंकायचं स्वातंत्र्य परत दिलं. वजन त्याने एक ग्रॅमही उतरलं नाही.

सकाळी साडेसहा ते सव्वासात बाळ नवऱ्याकडे, मी सोसायटीच्या खाली चालायला, असं ठरलं. ठरलं म्हणजे दोन भांडणं होऊन ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेली आठवड्याची १५० मिनिटं मी कागदावर लिहून फ्रिजला लावली होती, पण ती पंचेचाळीस मिनिटं मिळवायला वादच घालावा लागला. कुणाच्या तरी हातात बाळ असल्याशिवाय आईचा व्यायाम होत नाही, ही साधी गोष्ट व्यायामाच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापायला हवी.

सासूबाईंचा विरोध वेगळ्या जागी होता. मी घामेजून वर आले की त्या बाळाला छातीशी धरून बसायच्या. "आत्ताच दमून आलीस ना? लगेच पाजू नको. बाधेल त्याला." "अहो आई, असं काही नसतं," म्हणून मी ते उडवून लावणार होते. पण शोधायला गेले तर गंमत सापडली. १९९२ साली अमेरिकेत अगदी हाच प्रश्न घेऊन प्रयोग झाला होता. दमछाक होईपर्यंत व्यायाम केलेल्या आयांच्या दुधात लॅक्टिक आम्ल वाढलेलं आढळलं आणि बाळांनी ते दूध तितकंसं मन लावून प्यायलं नाही. सासूबाईंचा विजय! मात्र ते दूध बाळांना ड्रॉपरने पाजलं होतं आणि व्यायामही अगदी दम निघेस्तोवरचा होता. बेताचा व्यायाम करून अंगावर पाजलं तर बाळं कुरकुरत नाहीत, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. मी सासूबाईंना सांगितलं, "तुमचं अर्धं खरं आहे." तडजोड अशी झाली की मी वर येऊन अंगावर पाणी घ्यायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि मग पाजायचं. या नियमामुळे मला रोज एक निवांत अंघोळ मिळाली. त्या वयाच्या बाळाच्या आईला अंघोळ म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

त्या शोधाशोधीत आणखी एक प्रयोग वाचला तो मात्र मनात घर करून राहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅथरिन ड्यूई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली अंगावर पाजणाऱ्या ३३ आया घेतल्या. काहींना बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज पाऊण तास व्यायाम दिला, बाकीच्यांना दिला नाही. दूध दोन्हीकडे सारखंच, बाळांची वाढही तशीच. आणि वजन? तेही दोन्ही गटांचं जवळपास सारखंच उतरलं. कारण व्यायाम करणाऱ्यांना भूक जास्त लागली आणि त्या जास्त जेवल्या.

मी हे वाचून मोठ्याने हसले. म्हणजे मी सकाळी पाऊण तास पाय ओढत होते आणि वर येऊन थालीपीठ दोन खात होते, ते शास्त्राला धरूनच होतं! पुढे २००० साली नॉर्थ कॅरोलिनातल्या शेरिल लव्हलेडी यांनी मुळात वजन जास्त असलेल्या ४० आयांपैकी साधारण निम्म्यांना दहा आठवडे व्यायामाबरोबर खाणंही बेताने कमी करायला लावलं, तेव्हा आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरलं आणि बाळांच्या वाढीत काही फरक पडला नाही. माझ्या डॉक्टरबाईंचा अर्धा किलो तोच. म्हणजे गुपित काही नाही. लाडू दोनाचा एक, भाकरीवरचं लोणी आईच्या नजरेआड परत वाटीत, आणि डाळ-उसळ-अंडं-ताक भरपूर.

पण त्या ३३ जणींच्या प्रयोगाने माझं एक काम केलं. चालणं आणि काटा यांची मी फारकत केली. काटा पलंगाखाली ढकलला. चालायला जायचं ते सकाळच्या हवेसाठी, कुणी 'आई' म्हणून हाक न मारता जाणाऱ्या पाऊण तासासाठी. सोसायटीच्या रखवालदाराशिवाय तेव्हा कुणी जागं नसायचं. काही दिवस मी नुसती पार्किंगमध्ये बसून राहिले, तेही व्यायामातच धरलं.

सहाव्या महिन्यात कामावर गेले. २०१७ च्या कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळाली, त्याआधी ती बाराच होती. बारा आठवड्यांनी माझी काय अवस्था होती ते आठवून त्या आधीच्या बायकांना मनोमन नमस्कार केला. ऑफिसात दूध काढायला जागा म्हणून स्टेशनरीची खोली मिळाली, कडी नसलेली. त्याविषयी इथे जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

बाळ चौदा महिन्यांचं झालं तेव्हा काटा पुसून वर काढला. ६०. पाचवा-सहावा किलो कधी गेला मला कळलं नाही. बहुतेक तो रांगायला लागला आणि मी त्याच्यामागे, तेव्हा. उरलेले चार तिथेच आहेत.

दिवाळीला कराडला गेले तर तोच इरकलीवरचा ब्लाउज काढला. आता कुशीत ढगळ होत होता. शिंपीकाकांकडे गेले, म्हटलं, उसवलेली टीप परत मारा. त्यांनी घालून दाखवायला सांगितलं. पडद्यामागून ब्लाउज घालून आले, हात वर केला आणि बाहीची शिवण कुरकुरली.

काकांनी टेप दंडाला गुंडाळली. "पोट उतरलंय ताई, पर दंड वाढलेत. पोर किती किलोचं?"

"दहा."

"दिवसभर उचलताय?"

"तो खाली उतरतच नाही."

"मग बरोबर हाय." त्यांनी बाही उलटी करून बोटांनी चाचपली. "हितं माया ठेवल्यालीच न्हाई. दंड वाढतील आसं कुनाच्या ध्यानात येतंय? बगलंत कापड जोडाय लागंल. शिवताना उरल्यालं कापड आसंल तर आना, रंगाला रंग मिळंल."

घरी येऊन आईला विचारलं. ती जरा थांबली, मग हसायला लागली. ते उरलेलं कापड तिने बाळाच्या गोधडीला लावलं होतं, मधोमध, चौकोनी. मी आत जाऊन पाहिलं. जांभळा चौकोन, त्याच्याभोवती पांढऱ्या दोऱ्याचे टाके, आणि त्याच्यावर गाल टेकवून मुलगा झोपलेला, तोंडातून लाळ गळत.

"उसवू का?" आई दारातून हळूच म्हणाली.

"उठू दे त्याला आधी," मी म्हटलं.